घोड्यांच्या शहरातला हिवाळी भाजीमळा

महाराष्ट्रात हिवाळ्यात भाजी पिकवणे हा कुणी पराक्रम मानत नाही. पाऊस ओसरलेला, विहिरींना पाणी, ऊन सौम्य. अशा दिवसांत वाटाणा, पावटा, गाजर, वांगी, मेथी सगळेच भराला येते आणि भोगीला घरोघरी लेकुरवाळी भाजी शिजते. उत्तर फ्रान्समध्ये परिस्थिती नेमकी उलटी. पॅरिसला डिसेंबरअखेर दिवस जेमतेम सव्वाआठ तासांचा असतो, जानेवारीचे सरासरी तापमान चार-पाच अंशांवर रेंगाळते आणि उघड्या वाफ्यात टाकलेले बी रुजायचे नाव घेत नाही. तिथल्या सामान्य माणसाचा हिवाळा शतकानुशतके तळघरात साठवलेले कंद, कोबी आणि वाळवलेले दाणे यांवर निघत असे. अशा या शहरात १९व्या शतकाच्या मध्याला जानेवारी-फेब्रुवारीत ताज्या मुळ्यांच्या जुड्या आणि लेट्यूसचे गड्डे मंडईत ढिगांनी येत होते, आणि एप्रिल संपायच्या आत कोवळी गाजरे. हा माल दक्षिणेकडून आणलेला नसे. तो शहरातल्या आणि वेशीलगतच्या मळ्यांतच पिकलेला असे. या यशाचे श्रेय साधारणपणे दोघांना दिले जाते, काचेला आणि माळ्याच्या हुन्नराला. दोघांचा वाटा मी नाकारत नाही. पण उपलब्ध पुरावा एकत्र मांडला तर या इतिहासाचा कर्ता म्हणून घोडाच पुढे येतो, नेमके बोलायचे तर घोड्याची लीद.

सुरुवात राजाच्या मळ्यापासून करावी लागते. चौदाव्या लुईने व्हर्सायला राजवाड्याशेजारच्या दलदलीच्या जमिनीवर भर घालून नऊ हेक्टरांचा भाजी-फळांचा बाग करवून घेतला. १६७८ ते १६८३ या काळात ते काम चालले. ते ज्याच्याकडे होते तो ज्याँ-बातिस्त द ला कँतिनी शिक्षणाने वकील, आवडीने बागाईतदार. डिसेंबरमध्ये ॲस्परॅगस आणि जानेवारीत लेट्यूस राजाच्या ताटात पोहोचवणे ही त्याच्या कीर्तीची मुख्य बाब. १६८८ मध्ये तो वारला आणि दोन वर्षांनी त्याचा ग्रंथ छापून निघाला. तो पाहिला तर ध्यानात येते, की पुढच्या शतकांत पॅरिसच्या माळ्यांनी वापरलेली जवळजवळ प्रत्येक युक्ती त्यात आहे: ताज्या लिदीचे उबदार वाफे, रोपांवर घालायच्या काचेच्या घंटा, वारा अडवून ऊन साठवणाऱ्या भिंती. म्हणजे ज्ञान १६९० सालीच छापील स्वरूपात हजर होते. तरी सामान्य पॅरिसकराच्या जेवणात हिवाळी लेट्यूस यायला आणखी दीडशे वर्षे लागली. या विलंबाचा खुलासा ज्ञानाच्या अभावाने करता येत नाही. ला कँतिनीपाशी जे होते आणि पॅरिसच्या माळ्यापाशी पुरेसे नव्हते, ते म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या राजाच्या अवाढव्य पागा.

पुढे पॅरिस शहर स्वतःच एक पागा झाले. लोकसंख्या वाढली तसे मालाचे गाडे, भाड्याच्या बग्ग्या, ऑम्निबस आणि नंतर घोड्यांच्या ट्राम वाढल्या. शहरी शेती म्हणून या व्यवस्थेचा हिशेब मांडणारा सर्वांत उपयुक्त अभ्यास १९७७ साली इस्रायलमधले शास्त्रज्ञ जी. स्टॅनहिल यांनी प्रसिद्ध केला. त्यांच्या मांडणीप्रमाणे १९व्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या क्षेत्रफळाचा सुमारे सहावा भाग, म्हणजे १,४०० हेक्टरांच्या आसपास जमीन, भाजीमळ्यांखाली होती. तिथून वर्षाला १ लाख टनांहून अधिक माल निघे आणि त्यासाठी वर्षाला सुमारे १० लाख टन लीदखत लागे. एका घोड्यामागे वर्षाला दहा-बारा टन लीद आणि मुताने भिजलेले गवत धरले तर हा पुरवठा ८० हजार ते १ लाख घोड्यांचा होतो. हेक्टरी हिशेब केला तर आकडा ७०० टनांवर जातो. आपल्याकडे भाजीपाल्याला हेक्टरी वीस-पंचवीस टन शेणखत घाला अशी शिफारस असते आणि तेवढेही मिळवताना शेतकऱ्याची दमछाक होते. पॅरिसचा माळी त्याच्या तीसपट घालत होता. एवढ्या खताला जमिनीची सुपीकता वाढवायचा उपाय म्हणणे हास्यास्पद ठरेल. ते खत म्हणून कमी आणि सरपण म्हणून जास्त वापरले जात होते, आणि माझ्या सगळ्या युक्तिवादाची भिस्त याच फरकावर आहे.

हे सरपण जळायचे कसे, ते जरा तपशिलाने पाहू. तबेल्यातून निघणारी लीद गवतात मिसळलेली, घोड्याच्या मुताने भिजलेली असते. ती रचून, पाणी मारून, पायांनी तुडवून दाबली की दोन-चार दिवसांत सूक्ष्मजीव कामाला लागतात आणि ढीग असा तापतो की आत हात ठेववत नाही. हा पहिला भडका उतरू द्यायचा. त्यानंतर आठवडेच्या आठवडे टिकणारी मंद ऊब उरते आणि पिकाला तीच हवी असते. ताजी लीद एकटी वापरली तर भडका मोठा पण ऊब अल्पायुषी, म्हणून तिच्यात जुनी, अर्धवट कुजलेली लीद मिसळायची. कडाक्याच्या थंडीत थर हातभर किंवा त्याहून जाड, वसंत जवळ येईल तसा पातळ. त्यावर वीतभर काळे, भुसभुशीत, पूर्ण कुजलेले खत. ते म्हणजे गेल्या वर्षीच्या उबदार वाफ्याचीच उरलेली माती. वर लाकडी चौकटीत बसवलेली काचेची झाकणे. रात्री त्यांवर राय या धान्याच्या काडाच्या चटया अंथरायच्या आणि सकाळी ऊन आले की गुंडाळायच्या. त्या चटया पावसाच्या दिवसांत मळ्यातच विणल्या जात. वाफ्याची धग उतरू लागली की दोन वाफ्यांमधल्या पाऊलवाटांत पुन्हा ताजी लीद ठासून भरायची, म्हणजे बाजूंनी ऊब मिळते. दुपारी ऊन चढले तर काचेखाली रोपे उकडतात, म्हणून खाचा पाडलेल्या लाकडी दांड्याने झाकण बोट-दोन बोटे उचलून ठेवायचे. या कामाला सुट्टी नसे; एक थंड रात्र चटया अंथरायच्या राहिल्या तर महिन्याची मेहनत जाई.

दिवसाच्या लांबीचे गणितही या माळ्यांनी पुरते ओळखले होते. प्रकाश दहा तासांच्या खाली गेला की ऊब देऊनही पालेभाजीची वाढ मंदावते. म्हणून हिवाळ्यातल्या लेट्यूसची पेरणी ऑक्टोबरातच काचेच्या घंटांखाली होई, रोपे विरळ करून पुन्हा लावली जात आणि डिसेंबर-जानेवारीत उबदार वाफ्यावर त्यांची शेवटची लावणी होई. त्याच वाफ्यात मुळ्याचे आणि गाजराचे बी फेकलेले असे. मुळा पाच-सहा आठवड्यांत निघून जाई, मग लेट्यूस, मग गाजर. आणि गाजर निघण्याआधीच मधल्या जागेत फ्लॉवरची रोपे बसलेली असत. हातभर व्यासाच्या घंटेखाली मधोमध एक उभट रोमेन लेट्यूस आणि त्याभोवती तीन-चार बसके गड्डे, अशी इंच-इंच जागा वापरलेली. मोरो आणि दावेर्न या दोघा प्रत्यक्ष मळा करणाऱ्या माळ्यांनी १८४५ मध्ये या धंद्याचे सविस्तर पुस्तक प्रसिद्ध केले. कसणारे लोक स्वतःच्या धंद्यावर सहसा लिहीत नाहीत, म्हणून ते अधिक मोलाचे. त्यांनी दिलेल्या आकड्यांनुसार त्या वेळी १,३७८ हेक्टरांवर १,८०० मळेकरी होते. त्यांच्यापाशी ३ लाख ६० हजार काचेची झाकणे आणि २१ लाख ६० हजार घंटा होत्या. सरासरीने मळा पाऊण हेक्टराचा. त्यावर दोनशे झाकणे आणि बाराशे घंटा. गाडीला जुंपायला घोडाही बहुतेकांकडे असे. तो रात्री भाजी घेऊन मंडईत जाई आणि परतताना तबेल्यातली लीद भरून आणी, त्यामुळे खतवाहतुकीचा वेगळा खर्चच पडत नसे. भाजीमळे शहराला चिकटूनच राहिले, त्याचे मोठे कारण या परतीच्या फेरीत आहे.

या मळ्यांचे उत्पन्न जगाला कळले ते प्रामुख्याने पीटर क्रोपोटकिन या रशियन अराजकतावाद्यामुळे. शेती आणि उद्योगांवरच्या त्याच्या पुस्तकात, १८९०च्या दशकाच्या अखेरीस, पाँस नावाच्या माळ्याच्या मळ्याचा हिशेब आहे. पाँसचे स्वतःचे पुस्तक १८६९चे. मळा २.७ एकरांचा, राबणारी माणसे आठ. वर्षाचे पीक असे: २० हजार पौंडांहून अधिक गाजर, सॅलडचे १ लाख ५४ हजार गड्डे, कोबी ६ हजार, फ्लॉवर ३ हजार, आणि बाकी किरकोळ धरून एकूण सुमारे अडीच लाख पौंड भाजी. मला या हिशेबातली दुसरीच नोंद अधिक बोलकी वाटते. या मळ्यात दरवर्षी कुजलेल्या लिदीची इतकी माती तयार होई की अडीचशे घनयार्ड विकून टाकावी लागे, नाहीतर जमिनीची पातळीच चढत जाई. क्रोपोटकिन असेही नोंदवतो, की जमीन खंडाने घेताना पॅरिसचा माळी करारात अट घालून घेई: जागा सोडताना ठरावीक खोलीपर्यंतची माती मी गाड्यांत भरून घेऊन जाईन. आपल्याकडे कुळाने मळा सोडताना माती उचलून नेली तर मालक पोलिसांत जाईल. तिथे ते न्याय्य होते, कारण माती कुळानेच तयार केली होती. मूळ जमीन कशी आहे याला फारसे महत्त्व उरले नव्हते. ती फक्त वाफे मांडायची जागा होती.

इथे पहिला आक्षेप येतो: काच नसती तर ही ऊब आकाशात उडून गेली असती, मग काचेला दुय्यम का मानायचे? आक्षेप बिनतोड दिसतो आणि अर्धा खराही आहे. १९व्या शतकात काच स्वस्त झाली नसती तर १,८०० मळेकऱ्यांना वीस-पंचवीस लाख नग परवडले नसते. पण काच ऊब धरून ठेवते, निर्माण करत नाही. लिदीचा थर नसलेल्या काचेच्या पेटीत लेट्यूस थंडीत मरत नाही एवढेच. ते जानेवारीत गड्डा धरत नाही. आणि याची चाचणी इतिहासाने घेऊन ठेवली आहे. १९०५च्या सुमारास इंग्लंडमधल्या मळेकऱ्यांनी पॅरिसला जाऊन हे मळे पाहिले, ईव्हशॅमसारख्या भागांत फ्रेंच पद्धतीचे मळे उभे राहिले, तिथे काच नेली, घंटा नेल्या, पुस्तके निघाली, वर्तमानपत्रांनी डंका पिटला. ती लाट पहिल्या महायुद्धापलीकडे टिकली नाही. ग्रामीण इंग्लंडमध्ये काच रेल्वेने आणता येत होती. शेकडो टन ताजी लीद, तीही ऐन थंडीत, रोजच्या रोज आणि परतीच्या गाडीच्या भाड्यात, आणता येत नव्हती.

दुसरा आक्षेप हुन्नराचा. बापाकडून मुलाकडे आलेली कला, हाताच्या स्पर्शाने वाफ्याची ऊब जोखणारी माणसे, त्यांना घोड्याच्या पाठीमागे उभे करणे अन्याय नव्हे का? मला वाटते, हुन्नराला कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. तो हुन्नर कशाचा होता हे पाहायचे. मळ्यातल्या कामांची यादी केली तर लीद रचणे, मिसळणे, तुडवणे, तिचा भडका ओळखणे, ती पुन्हा भरणे, कुजलेली चाळणे यांत अर्धे आयुष्य जाते. ही आग सांभाळायची कला आहे. आणि याहून कठीण आक्षेप तिसरा: घोडे तर लंडनमध्येही लाखांवारी होते, बर्लिन-न्यूयॉर्कमध्येही होते, मग हे पॅरिसमध्येच का घडले? याचे प्रामाणिक उत्तर असे, की लीद ही आवश्यक अट होती, पुरेशी नव्हती. लंडनभोवतीचे मळेकरीही शहराच्या लिदीवरच पोसले होते आणि उबदार वाफे तिथेही होते, पण पॅरिसएवढी दाट, जवळजवळ कारखान्यासारखी मांडणी तिथे झाली नाही. पॅरिस आटोपशीर शहर होते. १८४०च्या दशकात बांधलेल्या तटाच्या आत-बाहेर एका रात्रीच्या फेरीत मळा, मंडई आणि तबेला उरकता येत. शिवाय जेवणात रोज हिरवे सॅलड हवे ही फ्रेंच सवय. मागणी नसती तर मुळ्या-लेट्यूसवर एवढा खर्च कुणी केला नसता. पण मागणी, आटोपशीरपणा आणि हुन्नर या तिन्ही गोष्टी घोडे गेल्यावरही पॅरिसमध्ये शिल्लक होत्या, आणि मळे मात्र राहिले नाहीत.

शहराची घाण वेशीवरच्या शेतात सोने होते, हे मराठी वाचकाला नवे नाही. मुठा कालव्याच्या पाण्यावर पुण्याभोवती ऊस वाढला तेव्हा नगरपालिकेचे सोनखत त्या उसाला जात होते. इंग्लंडहून भारतीय शेतीची पाहणी करायला आलेल्या फोल्कर यांनी १८९३च्या अहवालात पुण्याच्या या पद्धतीची दखल घेतली आहे. फरक एवढाच, की पुण्याला खत हवे होते, ऊब फुकट होती. पॅरिसला ऊब हवी होती, खत ओघाने मिळत होते.

पॅरिसच्या मळ्यांची अखेर कशाने झाली? रेल्वेने, असे पुष्कळ जण सांगतात. दक्षिणेकडचा आणि अल्जीरियाचा लवकर तयार होणारा माल स्वस्तात येऊ लागला आणि पॅरिसचा माळी मागे पडला, असा तो युक्तिवाद. यात तारखा आडव्या येतात. पॅरिस-मार्सेय लोहमार्ग १८५०च्या दशकातच पूर्ण झाला होता, आणि मळ्यांची भरभराट त्यानंतरची पन्नास वर्षे चालली. वाटाणा, बटाटा, आर्टिचोक अशा प्रवास सोसणाऱ्या मालात दक्षिणेने बाजी मारली हे खरे. कोवळे लेट्यूस आणि मुळा यांना मात्र मळ्यापासून मंडईपर्यंत काही तासांचेच अंतर परवडत होते. दुसरे कारण जमिनीच्या भावाचे सांगतात. १८६० मध्ये शहराने उपनगरे पोटात घेतली, रस्ते-इमारतींनी मळे गिळले, हेही खरे. पण माळी हटत हटत बोबिन्यी, क्रेतेयकडे सरकले आणि करारातल्या त्या अटीमुळे माती सोबत घेऊन सरकले. ज्याची जमीनच चल मालमत्ता आहे त्याला जमिनीचा भाव हलवू शकतो, संपवू शकत नाही. आता घोड्यांच्या तारखा पाहा. ट्राम विजेवर गेल्या, जुलै १९०० मध्ये मेट्रो सुरू झाली, जानेवारी १९१३ मध्ये पॅरिसचा शेवटचा घोड्यांचा ऑम्निबस धावला आणि ऑगस्ट १९१४ मध्ये सैन्याने उरलेल्यांपैकी पुष्कळ घोडे ताब्यात घेतले. युद्धानंतर मोटार-लॉऱ्या आल्या. मळ्यांचा उतार याच वर्षांत लागतो. तगून राहिलेल्या माळ्यांनी काय केले, हाही पुरावाच आहे: त्यांनी गरम पाण्याचे नळ बसवले आणि खाली कोळसा जाळला. काच, बी, हुन्नर, गिऱ्हाईक सगळे तेच ठेवून त्यांना बदलावे लागले ते फक्त उबेचे साधन. क्रोपोटकिनलाही ही वाट दिसली होती. इंग्लिश खाडीतल्या बेटांवरची कोळशाने तापवलेली काचघरे पाहून त्याने यापुढे हवामानाची गुलामी संपली असे भाकीत केले. ते बरेचसे खरे ठरले, फक्त घोड्याच्या जागी खाण आली.

अलीकडे, रासायनिक शेतीला पर्याय शोधणारे लोक या मळ्यांकडे स्वयंपूर्णतेचा नमुना म्हणून पाहतात. स्टॅनहिल यांचा अभ्यासही तेलाच्या टंचाईच्या दशकातला, आणि त्यांचा निष्कर्ष या मळ्यांची थोरवी वाढवणाराच आहे: त्यांचे उत्पादन आधुनिक शेतीच्या बहुतेक उदाहरणांना मागे टाकणारे होते. तरीही स्वयंपूर्ण हा शब्द मला पटत नाही. एक तर कष्ट. पहाटे तीनपासून रात्रीपर्यंत राबणारे माळ्याचे कुटुंब आदर्श नव्हे, हे खुद्द क्रोपोटकिनलाही मान्य होते. दुसरे म्हणजे लीद आकाशातून पडत नव्हती. घोडा ओट आणि सुके गवत खातो. एका घोड्याला वर्षाला ढोबळमानाने एक-दीड हेक्टरांचे पीक लागते. म्हणजे ८० हजार ते लाखभर घोड्यांमागे साधारण लाख-दीड लाख हेक्टर शेतजमीन उभी होती. त्या शेतांतून निघालेला कस गाड्यांत भरून पॅरिसला येई, घोड्याच्या पोटातून तबेल्यात उतरे आणि तिथून लेट्यूसच्या मुळाशी जाई. त्या शेतांकडे परत काय जात होते, याची नोंद ना मोरो-दावेर्नच्या पुस्तकात आहे, ना पाँसच्या हिशेबात. मळेकऱ्याला ती ठेवायची गरज नव्हती. ओटाची किंमत बग्गीचे भाडे देणाऱ्या गिऱ्हाइकाने आधीच चुकती केलेली असे.